एकतर्फी वाङ्निश्चय

दसऱ्याच्या सुमारास मेरीलँडहून फोटो आला. मामेबहिणीची मुलगी टेबलामागे बसलेली, डोक्यावर विद्यापीठाच्या नावाची टोपी, समोर त्याच रंगाचं क्रीम लावलेला केक, मागे फुगे आणि भिंतीला टेकवून ठेवलेली तिची लॅक्रॉसची काठी. खाली दोनच शब्द: 'कमिट केलं!' कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर अंगठे, फुलं आणि गणपतींचा पाऊस पडला. थोड्या वेळाने नाशिकहून मामींचा फोन.

"अरे, म्हणजे ॲडमिशन झाली ना तिची? फी भरली का?"

"नाही मामी, ती अजून अकरावीतच आहे. अर्ज पुढच्या वर्षी भरायचाय."

"मग केक कशाचा?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. केक एका फोनचा होता. एक कोच फोनवर म्हणाला, तू आमच्या संघात हवी आहेस; सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, मी येते. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला त्या दिवशी तिचं नावही ठाऊक नसेल. कशावर कुणाची सही नाही. तिकडे याला 'व्हर्बल कमिटमेंट' म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना आणि जास्त नेमका शब्द आहे, वाङ्निश्चय. आपल्या वाङ्निश्चयात निदान दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, सुपारी फुटते, आणि मोडला तर चार लोकांत दोन्ही घरांची नाचक्की होते. खरं सांगायचं तर नाचक्की मुलीच्या घरचीच जास्त व्हायची. मुलाकडचे 'योग नव्हता' म्हणून मोकळे होत. अमेरिकेतल्या या खेळाडूंच्या वाङ्निश्चयातही मुलीकडची बाजू कोण आणि मुलाकडची कोण, हे ओळखायला वेळ लागत नाही.

खेळाच्या जोरावर एखादं मूल चांगल्या विद्यापीठात जातं, याला माझा आक्षेप नाही. पहाटे साडेपाचला उठून बर्फाळ मैदानावर धावणाऱ्या पोराने निबंध लिहिणाऱ्या पोराइतकीच मेहनत केलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या दिवसापासून विद्यापीठाचा पगारी माणूस मुलाकडून शब्द मागू शकतो, त्याच दिवसापासून त्याच्यावर लेखी कागद देण्याची सक्ती हवी. आज नियम नेमका उलटा आहे.

आधी खेळाविषयी थोडं, कारण आपल्याकडे लॅक्रॉस म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. लांब काठीच्या टोकाला जाळीची पिशवी, तिच्यात कडक रबरी चेंडू झेलायचा, काठी हलवत हलवत तो सांभाळून पळायचं आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारायचा. हॉकी, बास्केटबॉल आणि थोडी मारामारी यांचं मिश्रण म्हणा. आपल्या शहराशी त्याचा एक संबंध मात्र आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत आलं म्हणून आपण फटाके वाजवले, त्याच बैठकीत त्याच मंजुरीने लॅक्रॉसही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये गेलं. पदकांचा खेळ म्हणून ते त्याआधी १९०४ आणि १९०८ अशा दोनच वेळा खेळलं गेलं होतं.

पण अमेरिकेतल्या घरांत लॅक्रॉस खेळतात ते ऑलिंपिकसाठी नव्हे, विद्यापीठासाठी. तिथल्या विद्यापीठांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संघटना पाहते. तिच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात मुलांचे लॅक्रॉस संघ जेमतेम पाऊणशे. जागा थोड्या, मागणी भरपूर, आणि विद्यापीठांची नावं अशी की ऐकूनच आईबाप ताठ बसतात: जॉन्स हॉपकिन्स, ड्यूक, व्हर्जिनिया, प्रिन्स्टन, येल. दहा-बारा वर्षांपूर्वी या खेळात एक वेडाचार सुरू झाला होता. नववीतली, कधीकधी आठवीतली मुलं विद्यापीठांना 'कमिट' करत होती. आवाज फुटायचा बाकी, उंची वाढायची बाकी, बीजगणित कळायचं बाकी, पण पुढची आठ वर्षं ठरलेली. कोचने मुलाशी थेट बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून कोच क्लबच्या प्रशिक्षकाला सांगायचा की अमुक वेळी पोराला मला फोन करायला सांगा. मुलाने फोन केला तर उचलायला बंदी नव्हती. पळवाटा शोधण्यात फक्त आपणच हुशार आहोत असा गैरसमज असेल तर तो इथे दूर व्हावा.

शेवटी कोच मंडळींनाच याचा उबग आला. त्यांच्याच संघटनांच्या पुढाकाराने एप्रिल २०१७ मध्ये नियम झाला: लॅक्रॉसमध्ये अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी कोचने मुलाशी भरतीविषयी कसलाही संपर्क करायचा नाही, फोन आला तरी घ्यायचा नाही. ही सुधारणा मोठी होती. पाठोपाठ इतर अनेक खेळांतही तशाच तारखा आल्या. आता ३१ ऑगस्टच्या रात्री कित्येक घरांत मुलं उशाशी फोन घेऊन जागी असतात. बाराच्या ठोक्याला पहिला संदेश येतो. ज्याच्या फोनवर सहा संदेश येतात तो सकाळी शाळेत मिरवतो, ज्याचा फोन गप्प राहतो तो त्या दिवशी शाळेत जातच नाही.

तारीख ठरली, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्याकडे कुणी पाहिलंच नाही. कोच १ सप्टेंबरला बोलू शकतो, पण विद्यापीठ आर्थिक मदतीचा लेखी प्रस्ताव देऊ शकतं ते बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून. म्हणजे मध्ये पूर्ण अकरा महिने असे, की ज्यांत शब्द मागायला मुभा आहे आणि कागद द्यायला बंदी. बहुतेक मुलं याच अकरा महिन्यांत 'कमिट' करतात. केक कापतात, समाजमाध्यमांवर टाकतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकीच्या कोचना नम्रपणे नकार कळवतात. ही शेवटची गोष्ट फुकट नाही. नकार कळवलेल्या कोचच्या यादीत दुसरं नाव चढतं, आणि ती जागा पुन्हा रिकामी होत नाही. मुलाने दिलेल्या शब्दाची किंमत त्याच दिवशी, रोखीने वसूल झालेली असते. कोचच्या शब्दाची किंमत त्याच्या खिशातच राहते.

आणि पदरात पडतं काय? 'फुल राइड', म्हणजे चार वर्षांचं शिक्षण फुकट, हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं स्वप्न आहे. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये ते खरं असेल. लॅक्रॉसमध्ये मुलांच्या एका संघाला अगदी परवापर्यंत १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, मुलींच्या संघाला १२ ची. संघात मुलं पंचेचाळीस-पन्नास. साडेबारा पोळ्या आणि पन्नास पानं असा तो पंगतीचा हिशोब. कुणाला पाव, कुणाला तुकडा, कुणाला फक्त जर्सी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्यांत मोडतात ती आयव्ही लीगची आठ विद्यापीठं खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत, तिसऱ्या विभागातली महाविद्यालयंही नाहीत. तिथे खेळाचा उपयोग दार उघडण्यापुरता. त्यातही काही ठिकाणी कोच सांगतो, 'अर्ली डिसिजन'मधून अर्ज कर. म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाणं बंधनकारक, चार ठिकाणचे आर्थिक मदतीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याची सोय गेली. बांधिलकी पुन्हा एकाच बाजूची.

कुणी म्हणेल, या सगळ्या कागदी शंका. प्रत्यक्षात कोच शब्द पाळतात. बहुतेक जण पाळतात, हे मान्य. कोचला पुढच्या वर्षी त्याच शाळांत, त्याच क्लबांत जायचं असतं, बदनामी परवडत नाही. पण शब्द मोडायला कोच वाईटच असावा लागतो असं नाही. तो फक्त बदलला तरी पुरे. कोचची नोकरी गेली, त्याला दुसरीकडे चांगला पगार मिळाला, की त्याचा तोंडी शब्द त्याच्याबरोबर सामानात बांधला जातो. नव्या कोचची यादी वेगळी. आणि गंमत पाहा, कितीतरी वर्षं सहीच्या कागदाचं याच्या बरोबर उलटं होतं. 'नॅशनल लेटर ऑफ इन्टेन्ट' नावाच्या पत्रावर सही केली की मूल बांधलं जायचं ते संस्थेशी, कोचशी नव्हे. ज्याच्यासाठी आलो तो कोच निघून गेला तरी मुलाने तिथेच राहायचं, नाहीतर खेळण्याचा काळ गमवायचा. कागद नव्हता तेव्हा शब्द कोचचा होता म्हणून मूल अडकलं, कागद झाला तेव्हा शब्द संस्थेचा होता म्हणून मूल अडकलं. हे पत्र एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द केलं आणि आता थेट आर्थिक मदतीचा करार असतो. बरं झालं. पण तोंडी अकरा महिने जागच्या जागी राहिले.

ते अकरा महिने किती पोकळ आहेत, हे २०२५ मध्ये सगळ्यांना एकदमच दिसलं. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या मोठ्या खटल्यात तडजोड होत होती. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यावेत, शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा काढावी, आणि बदल्यात प्रत्येक खेळात संघाच्या आकारावर मर्यादा घालावी. लॅक्रॉससाठी आकडा ठरला मुलांना ४८, मुलींना ३८. खेळाडूंच्या हक्काचा विजय म्हणून ज्याची वाहवा होत होती, त्याच्या पहिल्या फटक्यात बळी गेले ते संघातल्या चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाचे खेळाडू आणि नुकतेच 'कमिट' केलेले बारावीतले. तडजोड मंजूर होण्याआधीच अनेक विद्यापीठांनी याद्या छाटायला घेतल्या. ज्यांनी वर्षापूर्वी बाकीच्यांना नकार कळवला होता त्यांना वसंत ऋतूत कळलं की जागा नाही. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एप्रिलमध्ये तडजोड याच मुद्द्यावर अडवून धरली: ज्यांच्या जागा गेल्या त्यांचं काही करा, मग या. ६ जूनला मंजुरी मिळाली ती अशा मुलांना संख्येच्या मर्यादेतून वगळण्याच्या अटीवर. वगळण्याच्या, परत घेण्याच्या नाही. घ्यायचं की नाही, हे पुन्हा विद्यापीठाच्याच मर्जीवर. एका सतरा वर्षांच्या मुलाला दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला अमेरिकेत संघराज्याच्या न्यायालयातला न्यायाधीश लागतो, आणि तोही ती पूर्ण करून देऊ शकत नाही.

कोचांची बाजूही आहे, आणि ती फेटाळण्यासारखी नाही. ते म्हणतात, मुलंही शब्द मोडतात. अकरावीत आम्हाला हो म्हणतात आणि वर्षभरात मोठ्या नावाच्या विद्यापीठाने बोलावलं की जातात. शिवाय आता 'ट्रान्सफर पोर्टल' आहे. २०२१ पासून कुठल्याही खेळातला खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलू शकतो, २०२४ पासून कितीही वेळा. मग बांधिलकी फक्त आमच्याकडूनच का?

कारण एक बाजू सोळा वर्षांची आहे आणि दुसरी पगार घेते. मूल शब्द मोडतं तेव्हा कोचला पंचेचाळीसपैकी एक जागा भरायची असते, आणि ती भरायला आता तेच पोर्टल त्याच्या हाताशी आहे. दुसऱ्या विद्यापीठात तीन वर्षं खेळून तयार झालेला बावीस वर्षांचा गडी आयता मिळतो. कोच शब्द मोडतो तेव्हा मुलाकडे असलेली एकुलती एक जागा जाते. पोर्टलचं म्हणाल तर तो काडीमोड घेण्याचा हक्क आहे. तो असावाच. पण काडीमोड सोपा झाला म्हणून लग्न ठरवताना फसवणूक चालेल, असं कुणी म्हणत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. अकरा महिन्यांचं अंतर शून्यावर आणा. कोचला १ सप्टेंबरला मुलाकडून होकार हवा असेल तर त्याने त्याच दिवशी विद्यापीठाच्या सहीशिक्क्याचा कागद पुढे करावा: इतकी रक्कम, इतकी वर्षं, दुखापत झाली तरी रक्कम चालू, कोच बदलला तर मुलाला मोकळं व्हायची मुभा आणि संस्थेला नाही. शाळेतले गुण घसरले तर रद्द, अशी अट हवी तर घालावी, ती रास्त आहे. यातलं फार काही नवीन नाही. मोठ्या पाच परिषदांच्या, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांतल्या, विद्यापीठांनी २०१५ मध्येच ठरवलं होतं की खेळ खालावला या कारणासाठी शिष्यवृत्ती काढून घ्यायची नाही. आयव्ही लीगमध्ये पैसे नसले तरी प्रवेश विभागाकडून 'लाइकली लेटर', म्हणजे प्रवेश जवळपास नक्की असल्याचं पत्र येतं, आणि ते पाठवायचा अधिकार कोचला नसून प्रवेश विभागाला असतो. जे बारावीच्या शरद ऋतूत करता येतं ते अकरावीत का करता येऊ नये? कोच म्हणतील, एवढ्या लवकर लेखी देणं जोखमीचं आहे, पोरगं अजून वाढतंय. अगदी बरोबर. मग एवढ्या लवकर विचारूही नका. जोखीम वाटत असेल तर वाट पाहणं कोचच्या हातात आहे, पोराच्या नाही.

इथे काही वाचकांच्या मनात वेगळीच चीड असेल, मला कल्पना आहे. लॅक्रॉस, रोइंग, स्क्वॉश असे महागडे खेळ म्हणजे श्रीमंतांच्या मुलांसाठी ठेवलेलं मागचं दार, त्या दाराच्या बिजागरीला तेल घालून काय उपयोग? त्या म्हणण्यात तथ्य आहे. हार्वर्डवरच्या प्रवेशाच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार, भरती केलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासात वरच्या एक टक्का घरांतल्या मुलांना नामवंत विद्यापीठांत जो फाजील लाभ मिळतो, त्याचा जवळपास पाव हिस्सा खेळाडूंच्या भरतीतून येतो असं दिसलं. क्लबची हजारो डॉलरची फी, दर शनिवार-रविवारी दोन राज्यं ओलांडून कोचना खेळ दाखवायच्या 'शोकेस' स्पर्धा, हॉटेलं, वर मुलाला मुद्दाम एक वर्ष मागे ठेवायचं म्हणजे तो वर्गात वयाने आणि अंगाने मोठा राहील. हे शिक्षकाच्या पगारात जमत नाही. आपली मंडळीही यात आता मागे नाहीत; न्यू जर्सीतल्या मराठी आईबापांच्या गप्पा ऐकाव्यात. मुंबईतल्या स्क्वॉश कोर्टांवरूनही मुलं अमेरिकेत गेली आहेत. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले, त्या संघांत आपली पोरं होती.

पण नेमकं याचसाठी कागद हवा. तोंडी शब्द मोडला तर श्रीमंत घरातलं मूल एक वर्ष खाजगी शाळेत जास्त काढतं, नवा क्लब पकडतं, पूर्ण फी भरून दुसरीकडे जातं. ज्या कुटुंबाने घरावर दुसरं कर्ज काढून क्लबची फी भरली, त्याला दुसरी फेरी नसते. बेभरवशाचा बाजार पैशाच्या उशीवर झोपणाऱ्यालाच मानवतो.

आपल्याकडच्या पद्धतीशी ताडून पाहिलं की आणखी एक गोष्ट उलगडते. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यात बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला आणि ती प्रकरणं गाजली, हे सगळं खरं. पण मुळात आपण बक्षीस देतो ते झालेल्या खेळाचं. पदक मिळालं, प्रमाणपत्र आहे, घे गुण. उद्या गुडघा मोडला तरी गुण परत मागत नाही. अमेरिकेतलं विद्यापीठ विकत घेतं तो पुढचा, अजून न झालेला खेळ. म्हणजे हा व्यवहार कामाचा आहे, आणि कामाच्या व्यवहारात ठरलेलं लेखी असावं हा नियम गवंडीसुद्धा पाळतो. 'हे सगळं हौसेखातर आहे, पैशाचं नाही' असं म्हणत म्हणत एनसीएएने शंभर वर्षं ही गोष्ट झाकली.

या 'हौशी' शब्दाचा लॅक्रॉसमधला इतिहास तर फारच बोलका आहे. हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या सीमेवरची होडेनोशोनी राष्ट्रं, ज्यांना बाहेरचे इरोक्वा म्हणत, त्याला निर्मात्याचा खेळ म्हणतात. बाळाला लहानशी लाकडी काठी मिळते, आणि माणूस गेला की काठी त्याच्याबरोबर जाते. १८६७ मध्ये माँट्रियलच्या जॉर्ज बिअर्स नावाच्या दातांच्या डॉक्टरने नियम लिहून काढले, आणि पुढच्या दीडेक दशकात कॅनडातल्या संघटनेने खेळ फक्त हौशींसाठी म्हणून जाहीर केला. प्रवासखर्चासाठी पैसे घेऊन खेळणारे आदिवासी खेळाडू त्यामुळे व्यावसायिक ठरले आणि अजिंक्यपदाच्या बाहेर गेले. ज्यांचा खेळ, तेच बाद. २०१० मध्ये त्यांचा संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला जाऊ शकला नाही, कारण ब्रिटनने त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचा पासपोर्ट मानला नाही. २०२८ ला त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली खेळता यावं म्हणून चाललेली धडपडही याच भिंतीवर आदळते, राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्या देशांनाच प्रवेश.

याच लोकांकडे शब्द देण्याची एक रीत आहे. शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे, वॉम्पम. करार झाला की तो पट्ट्यात ओवायचा. १७९४ च्या कॅनन्डेग्वा कराराच्या पट्ट्यावर माणसांच्या आकृत्या एकमेकांचे हात धरून उभ्या आहेत, अमेरिकेच्या मूळच्या तेरा राज्यांच्या तेरा, आणि मध्ये होडेनोशोनींच्या दोन. त्या करारात अमेरिकेने दरवर्षी ४,५०० डॉलरचा माल द्यायचं कबूल केलं होतं. जमिनीविषयीची बाकीची वचनं अमेरिकेने कशी पाळली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण सुती कापड अजून येतं. रक्कम दोनशे तीस वर्षांत वाढली नाही, त्यामुळे तुकडा दर पिढीला लहान होत गेला. तरी ते तो घेतात. कापडाची गरज म्हणून नव्हे. करार अजून जिवंत आहे याची ती पावती आहे.

मामींना मी हे सगळं फोनवर सांगितलं, जरा जास्तच रंगवून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते कापडाचं कळलं. हिचा कागद कधी येणार?"

"पुढच्या ऑगस्टच्या एक तारखेनंतर, मामी."

"तोवर तिला दुसरीकडचे फोन घ्यायला सांग."

"ते तिने केव्हाच बंद केलेत."